ईयोबाचे मित्र आणि मराठी निरूपण

मराठी बायबलाच्या साधारण मध्यावर तीन पुस्तके थोड्याथोड्या अंतराने येतात : ईयोब, नीतिसूत्रे आणि उपदेशक. अभ्यासक या तिघांना मिळून ज्ञानसाहित्य म्हणतात. बायबलाच्या इतर भागांहून ती वेगळी आहेत. त्यांत मोशे नाही, मिसर देशातून सुटका नाही, दहा आज्ञा नाहीत, राजांच्या लढाया नाहीत. आहे तो रोजचा संसार : शेत, बाजार, तराजू, सासुरवाडी, सावकार, आळशी माणूस, बडबडी जीभ, आणि कारण न सांगता येऊन कोसळणारे दुःख. ईयोब तर इस्राएलीही नाही. तो ऊस नावाच्या परमुलखातला शेतकरी आहे. म्हणून बायबलाच्या बाहेर उभ्या असलेल्या वाचकालाही या पुस्तकांत शिरताना दार ठोठवावे लागत नाही.

मी असाच बाहेरून शिरलो. माझे घर वारकरी. आयुष्याची सव्वीस वर्षे भोसरीच्या एका टूलरूममध्ये काढली आणि आता मारुंजीत राहतो. टूलरूममधला एक नगरकडचा सहकारी जेवणाच्या सुट्टीत ‘पवित्र शास्त्र’ वाचायचा. त्याच्यामुळे ही पुस्तके हाती आली. पुढे एका निवृत्त धर्मशास्त्र-शिक्षकाने हिब्रू अक्षरे गिरवून घेतली. पदवी नाही, पण पंधरा वर्षांची सवय आहे. या लेखात मला एकच प्रश्न तपासायचा आहे : ही तीन पुस्तके मराठीत आली तेव्हा मराठीने त्यांचे काय केले, आणि त्यांवरून प्रवचन करणारा माणूस दुःखी श्रोत्याला आज नेमके काय सांगतो?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेल्या आमच्या गावात, आणि पुढे पिंपरी-चिंचवड ते चाकण या सगळ्या पट्ट्यात, नगर, मराठवाडा, विदर्भ, झारखंड, केरळ अशा ठिकाणांहून आलेली माणसे राहतात. त्यांच्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या प्रार्थनासभा भाड्याच्या फ्लॅटमध्ये, कधी गाळ्याच्या वरच्या मजल्यावर भरतात. कंत्राट संपले, हात मशीनमध्ये गेला, मूल दगावले, की तिथे कोणीतरी बायबल उघडतो आणि बोलू लागतो. तो काय बोलतो यावर समोरच्या माणसाची रात्र कशी जाणार हे ठरते.

हातातले शहाणपण

या साहित्याचा मध्यवर्ती हिब्रू शब्द आहे ‘होख्मा’. मराठी बायबलात त्यासाठी प्रामुख्याने ‘ज्ञान’ हा शब्द आला. शब्द मोठा आहे, पण तो रिकामा आला नाही. मराठी कानाला ‘ज्ञान’ म्हटले की ज्ञानेश्वरी ऐकू येते. अज्ञानाचा पडदा सारून आत्मस्वरूप ओळखणे, हा अर्थ आपल्या रक्तात आहे. मिशनऱ्यांनाही या शब्दाची ओढ होती. १८४२ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलेल्या नियतकालिकाचे नाव ‘ज्ञानोदय’. पुण्यातल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या विद्यापीठाचे नाव ‘ज्ञानदीप’.

हिब्रूतली होख्मा मात्र आधी हातात असते. निर्गम या पुस्तकात बसालेल नावाचा कारागीर आहे. सोने, रुपे, पितळ घडवणे, रत्ने कोंदणात बसवणे, लाकूड कोरणे ही त्याची कामे. त्याच्या अंगी देवाने जे घातले त्याला तिथे होख्माच म्हटले आहे. सूत कातणाऱ्या बायांच्या हातालाही तोच शब्द आहे. आमच्या टूलरूममध्ये जुना टर्नर मायक्रोमीटर लावण्याआधी नुसत्या चिपच्या रंगावरून आणि आवाजावरून सांगायचा की कट जास्त बसला. त्याला कोणी ज्ञानी म्हटले नसते. ‘हात बसलाय’ म्हटले असते. नीतिसूत्रांचा लेखक जगण्याकडे याच नजरेने पाहतो. जगणे ही कसबाची गोष्ट आहे. कधी बोलावे, कोणाला जामीन राहू नये, रागावलेल्या माणसापुढे आवाज किती ठेवावा, हे सगळे हात बसण्याचे प्रकार आहेत.

भाषांतरात आणखी एक गोष्ट निसटते. होख्मा हिब्रूत स्त्रीलिंगी आहे, आणि नीतिसूत्रांच्या पहिल्या नऊ अध्यायांत ती खरोखरच बाई होऊन येते. वेशीपाशी, चव्हाट्यावर उभी राहून हाका मारते. नवव्या अध्यायात ती स्वतःचे घर बांधते, त्याला सात खांब लावते, स्वयंपाक करते आणि अडाण्यांना जेवायला बोलावते. मराठीत ‘ज्ञान’ नपुंसकलिंगी. ‘ते ज्ञान’ चव्हाट्यावर उभे राहून हाका मारू लागले की चित्र डळमळते. ज्या भाषेत विद्येची देवता शारदा आहे, जिथे प्रज्ञा, बुद्धी, मती सगळ्या स्त्रिया आहेत, तिथे ही बाई ओळखीची वाटायला हवी होती. व्याकरणाने तिला थोडे परके केले. निरूपणकाराने हे एवढे जरी श्रोत्यांना सांगितले तरी आठवा-नववा अध्याय जिवंत होतो.

नीतीच्या पंक्तीत

‘मिशले’ या हिब्रू नावाला मराठीत ‘नीतिसूत्रे’ म्हटले गेले, आणि या नावाने पुस्तकाला आयती पंगत मिळाली. आपल्याकडे नीती ही जुनी, मानाची जागा आहे : विदुरनीती, चाणक्यनीती, पंचतंत्र, हितोपदेश, भर्तृहरीचे नीतिशतक. वामन पंडितांनी भर्तृहरी मराठीत आणला तो इतका मुरला की वाळू रगडून तेल काढण्याची जी म्हण आपण वापरतो ती त्यांच्याच श्लोकातली आहे हे आपण विसरलो.

मराठी मुद्रणाच्या आरंभीच ही दोन्ही घराणी एका छापखान्यात भेटली. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी या मूळच्या चर्मकाराने छापखाना चालवला. त्याने १८०४ मध्ये संस्कृत हितोपदेश भर्तृहरीच्या शतकांसह छापला. १८०५ मध्ये तिथून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले, त्याच वर्षी केरीचे मराठी व्याकरण आले, १८१० मध्ये मोडी लिपीतला कोश, १८११ मध्ये नवा करार. या कामात त्याच्यासोबत वैजनाथ पंडित होते. त्यांच्याच हातची ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ मध्ये आणि मराठी ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये त्याच छापखान्यातून बाहेर पडला. म्हणजे शलमोनाच्या म्हणी आणि विष्णुशर्म्याच्या गोष्टी मराठी छपाईत जवळजवळ जुळ्या भावंडांसारख्या वाढल्या. मुंबईत १८१३ मध्ये उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे हे काम हाती घेतले आणि १८४७ मध्ये संपूर्ण मराठी बायबल वाचकांच्या हाती आले.

या सख्यात काही गैर नव्हते. ज्ञानसाहित्य मुळातच शेजाऱ्यांकडून उसने घेणारे आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या एका इजिप्शियन पपायरसवर आमेनेमोपे नावाच्या अधिकाऱ्याने मुलाला केलेला उपदेश आहे. तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी अडोल्फ एर्मान या जर्मन पंडिताने दाखवून दिले की नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायाच्या उत्तरार्धापासून पुढचा मजकूर या उपदेशाशी जवळून जुळतो. गरिबाला लुबाडू नको, बांधाचा दगड सरकवू नको, रागीट माणसाशी मैत्री करू नको : विषय तेच, क्रमही बराचसा शेजारचा. आमेनेमोपेच्या उपदेशाचे तीस अध्याय आहेत, आणि नीतिसूत्रांच्या त्याच भागात ‘तीस’ असा वाचता येणारा एक कोड्यात टाकणारा हिब्रू शब्द आहे. ज्या पुस्तकाने इजिप्तकडून घेतले त्याने हितोपदेशाशेजारी बसायला हरकत कसली असणार?

अडचण वेगळीच झाली. ‘नीती’ म्हटले की मराठी मनात शाळा उभी राहते. सुविचाराचा फळा, उजळणी, छडी. ‘सूत्र’ म्हटले की नियम. दोन्ही मिळून पुस्तकाला नियमावलीचे रूप आले : असे वागा, तसे मिळेल. हिब्रू ‘माशाल’ या शब्दात मात्र साम्य, तुलना, दृष्टांत असा भाव आहे. दोन ओळी शेजारी ठेवायच्या आणि त्यांच्या घासण्यातून ठिणगी पाडायची, ही त्याची रीत. नियमापेक्षा तो म्हणीच्या जवळचा आहे.

म्हणी कशा वापरायच्या हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ आणि ‘शुभस्य शीघ्रम्’ या दोन्ही आपल्या तोंडात आहेत. त्या एकमेकींना खोडतात म्हणून आपण कोणतीही टाकून देत नाही. कोणत्या वेळी कोणती काढायची हे ज्याला कळते तो शहाणा. नीतिसूत्रांच्या संपादकालाही हे पक्के ठाऊक होते. सव्विसाव्या अध्यायात त्याने चौथे आणि पाचवे वचन मुद्दाम लागोपाठ ठेवले आहे. एक सांगते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाच्या पातळीवर उतरून उत्तर देऊ नको. दुसरे सांगते, दे. दोन्हींना कारणे जोडलेली आहेत आणि दोन्ही कारणे पटणारी आहेत. या जोडीवरून पुढे जाताना वाचकाने थांबावे अशीच ती रचना आहे. जो प्रवचनकार एकच वचन उचलून ‘देवाचे वचन आहे, असे होणारच’ म्हणून हमी देतो, तो म्हणीचा करारनामा करतो. मुलाला योग्य वळण लावले तर तो म्हातारपणीही ते सोडणार नाही, या अर्थाचे वचन घरोघरी भिंतीवर असते. ते अनुभवाचे निरीक्षण आहे. ज्या आईबापांचा मुलगा व्यसनात गेला त्यांच्यापुढे तेच वचन हमी म्हणून वाचले, तर ते फिर्याद बनते.

पढतमूर्ख

हमीचा हा धोका बायबलाला आतूनच दिसला होता. त्याचेच नाव ईयोब.

बेचाळीस अध्यायांच्या या पुस्तकाची बांधणी लक्षात घेण्याजोगी आहे. पहिले दोन अध्याय गद्य कथा. शेवटच्या अध्यायाचा मोठा भाग पुन्हा गद्य. मध्ये जवळजवळ सगळे काव्य. गद्यात : एक सज्जन, श्रीमंत माणूस, स्वर्गातला दरबार, तिथे ‘सातान’, म्हणजे आरोप करणारा, हिब्रूत चक्क हुद्द्यासारखा वापरलेला शब्द, मग गुरेढोरे जातात, सात मुलगे आणि तीन मुली एका दिवशी घराखाली गाडली जातात, अंगभर गळवे उठतात, माणूस तरीही देवाला दूषण देत नाही. काव्यात : तोच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो, उत्तर मागतो. अलीफज, बिल्दद, सोफर हे तीन मित्र समजूत घालायला आलेले असतात. सात दिवस सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसतात. त्यांनी केलेले हे एकमेव चांगले काम. मग ते बोलू लागतात.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : देव न्यायी आहे, तू दुःखात आहेस, त्याअर्थी तू काहीतरी केले आहेस. मराठी माणसाला हा युक्तिवाद नवा नाही. ‘पूर्वजन्मीचे भोग’ आणि ‘करावे तसे भरावे’ ही त्याची देशी रूपे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगितल्यावर शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणे वेगळी सांगितली. ईयोबाच्या मित्रांसाठी याहून चपखल शब्द कोणत्या भाषेत असेल असे वाटत नाही. त्यांचे एकेक वाक्य सुटे वाचले तर शहाणपणाचे आहे. नीतिसूत्रांत खपून जाईल. ते ज्याला सांगितले जात आहे त्याच्याकडे पाहायला मात्र ते विसरले आहेत.

एक उदाहरण देतो. आमच्या पट्ट्यात नव्या वर्कशॉपच्या उद्घाटनाच्या पत्रिकेवर आणि दिनदर्शिकेवर मी आठव्या अध्यायातले सातवे वचन अनेकदा पाहिले आहे. त्याचा आशय असा की आरंभ लहान असला तरी पुढे मोठी भरभराट होईल. गाळ्यात एक लेथ टाकून धंदा सुरू करणाऱ्या माणसाला ते गोड लागणारच. पण हे वाक्य बिल्ददाचे आहे. त्याच्या तीनच वचने आधी, दहा मुले एका दिवशी गमावलेल्या बापाला, हाच बिल्दद सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल, त्याचे फळ त्यांना मिळाले. पत्रिकेवरचे आश्वासन त्या तोंडातून आलेले आहे. आणि पुस्तकाच्या शेवटी देव स्पष्ट निकाल देतो की मित्र माझ्याविषयी बरोबर बोलले नाहीत, ईयोब बोलला. बायबलात छापलेले प्रत्येक वाक्य बायबलाचे मत नसते. कोण बोलतो, कोणाला बोलतो, आणि पुस्तक त्याला शेवटी काय म्हणते हे पाहिल्याशिवाय ईयोबावरून प्रवचन करूच नये, इतका हा नियम मला महत्त्वाचा वाटतो.

कीर्तनात काय मावते

मग मराठीत ईयोब ‘सहनशील’ कसा झाला? एक कारण बायबलातच आहे : नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात त्याच्या धीराचा दाखला दिला आहे. दुसरे कारण आपल्या निरूपणाच्या साच्यात आहे.

१८६० च्या दशकात अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात झाली; कृष्णराव सांगळे हे त्यातले अग्रणी नाव. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या प्रकाराला प्रतिष्ठा दिली. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू समाजातही १८८० च्या सुमारास कीर्तने होऊ लागली. बेंजामिन शमसन अष्टमकर हे त्यांचे प्रमुख रचनाकार, आणि अब्राहामाचे चरित्र हा त्यांचा विषय. मराठीतून हिब्रू शिकण्याची सोय त्याआधीच झाली होती : स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरण मराठीत छापले होते, ते याच समाजासाठी.

कीर्तनाचे दोन भाग आपल्याला ठाऊक आहेत. पूर्वरंगात एका वचनाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. नीतिसूत्रे पूर्वरंगाला अगदी सोयीची. ईयोबाची गद्य कथा आख्यानाला तितकीच सोयीची, कारण श्रोत्यांच्या मनात राजा हरिश्चंद्र आधीच उभा असतो. लोकप्रिय आख्यानात दोघांच्याही कथेला वर, दिव्य दरबारात सुरुवात होते; दोघांचेही सर्वस्व जाते; दोघेही कसोटीला उतरतात. पण हरिश्चंद्र शब्द पाळतो आणि सोसतो. ईयोब सोसतो आणि भांडतो. हरिश्चंद्राचा रोहिदास शेवटी उठून बसतो. ईयोबाची दहा मुले उठत नाहीत. शेवटी त्याची गुरे दुप्पट होतात, मुले मात्र पुन्हा दहाच होतात. लेखकाला हिशेब येत होता. गेलेल्या मुलाच्या बदली दुसरे मूल असे खाते चालत नाही हे त्याने आकड्यातूनच सांगितले, असे मी वाचतो. आख्यानाच्या घाईत तिसऱ्या अध्यायापासून पुढचे सगळे भांडण गळून पडले, की उरतो तो पांढऱ्या दाढीचा सोशिक ईयोब.

याची खंत जास्त वाटते, कारण देवाशी भांडणे मराठीला शिकवावे लागत नाही. मारुंजीहून फार दूर नसलेल्या देहूत तुकोबांनी दुष्काळात बायको गमावली, धंदा बुडालेला पाहिला, आणि नंतरच्या अभंगांत विठ्ठलाला किती प्रकारे धारेवर धरले आहे! जनाबाईने तर त्याला शिव्या घातल्या. भक्तीत भांडण बसते हे आपल्याला ठाऊक होते. टिळकांनी स्वतः सांगून ठेवले आहे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून ईयोबाची तक्रारही सहज येऊ शकली असती.

केडगावची भाषांतरकार

ती ज्यांच्या आयुष्यात आली त्या पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. सगळे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगत असे. रमाबाईंचे बालपण त्या निरूपणात गेले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. व्रते, उपास, दानधर्म, तीर्थयात्रा यांत या कुटुंबाने काही कमी ठेवले नव्हते. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेला. अलीफजाचा युक्तिवाद रमाबाईंना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. विधवेला ‘तुझ्याच पापाने नवरा गेला’ असे ऐकवणाऱ्या समाजात त्या युक्तिवादाला रोज तोंड फुटत होते.

१८८२ मध्ये पुण्यात त्यांनी लिहिलेल्या पहिल्या मराठी पुस्तकाचे नाव ‘स्त्रीधर्मनीति’. त्या काळातला तो नीतिग्रंथच आहे. स्त्रियांनी कसे वागावे हे सांगणारा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. विद्येचे घर. नीतिसूत्रांचा नववा अध्याय, घर बांधून अडाण्यांना जेवायला बोलावणारी ती बाई, वाचताना मला हे नाव आठवते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, आणि दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले.

आयुष्याच्या शेवटच्या पर्वात त्यांनी संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत करायला घेतले. प्रचलित भाषांतरातले संस्कृतप्रचुर आणि वेदान्ताचा अर्थ चिकटलेले शब्द त्यांना खटकत. खेड्यातल्या बाईला कळेल असा मजकूर हवा होता. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू शिकल्या. जुळारी आणि छपाई मुक्तीतल्या बायकामुलींनीच केली. नवा करार १९१३ मध्ये छापून झाला. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. तिकडे एर्मानने इजिप्तचा उपदेश नीतिसूत्रांशेजारी ठेवला तेच हे वर्ष. एका स्त्रीने एकटीने सबंध बायबल भाषांतरित केल्याची उदाहरणे जगात मोजकीच. अमेरिकेतल्या ज्युलिया स्मिथचे १८७६ मध्ये छापलेले भाषांतर त्यांतले आधीचे.

विचार करा : दुष्काळाने आईबाप नेलेली, दुष्काळातून शेकडो पोरी उचलून आणलेली बाई ईयोबाचे पुस्तक शब्दाशब्दाने मराठीत लिहिते आहे, आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्यांत दुष्काळातून आलेल्या मुली असू शकतात. मला ही मराठी निरूपणाच्या इतिहासातली फार मोठी घटना वाटते. शेवटच्या अध्यायात ईयोबाच्या नव्या तिन्ही मुलींची नावे दिली आहेत, मुलग्यांची नाहीत. आणि बापाने त्यांना भावांबरोबर वारसा दिला असे सांगितले आहे. केडगावच्या छापखान्यात हे वाक्य जुळवले गेले तेव्हा हिंदू मुलीला भावाच्या बरोबरीने वाटा देणारा कायदा यायला कित्येक दशके होती.

व्यर्थ की वाफ?

तिसरे पुस्तक ‘उपदेशक’. हिब्रू नाव ‘कोहेलेथ’. सभा जमवणारा किंवा सभेत बोलणारा. मिशनच्या काळात ‘उपदेशक’ हा पगारी हुद्दा होता, त्यामुळे नावाला एक गंमत आली आहे : उपदेशकांनी ज्याच्यावर बोलायचे टाळावे असे पुस्तक त्यांच्याच नावाचे. ते शलमोनाच्या थाटात बोलते, पण भाषा उशिराची आहे. त्यात ‘पर्देस’ आणि ‘पिथगाम’ असे दोन पर्शियन शब्द आहेत. दुसरा शब्द आपल्या ‘पैगाम’च्या कुळातला.

पुस्तकाचा कणा म्हणजे ‘हेवेल’ हा शब्द. तो अडतीस वेळा येतो. त्याचा मूळ अर्थ श्वास, वाफ. काइनाने मारलेल्या हाबेलाचे नावही हिब्रूत हेच. मराठीत त्याचे ‘व्यर्थ’ झाले. व्यर्थ हा निवाडा आहे. वाफ हे चित्र आहे. थंडीत तोंडातून निघालेली वाफ दिसते, असते, आणि पकडायला गेले की नसते. तिला खोटी म्हणता येत नाही. ‘व्यर्थ’ ऐकले की मराठी मन थेट भर्तृहरीच्या वैराग्यशतकाकडे वळते : संसार असार आहे, सोडा. कोहेलेथ मात्र कुठेही संसार सोडायला सांगत नाही. अभ्यासकांनी मोजले आहे की तो सात वेळा उलट सांगतो : खा, पी, आपल्या कष्टाचे सुख घे, प्रिय पत्नीबरोबर दिवस आनंदात घालव. वाफ हातात धरता येत नाही म्हणूनच ती असेपर्यंत तिची ऊब घ्यावी, असा त्याचा कल.

‘आमाल’ म्हणजे कष्ट, घाम गाळून केलेले काम, हा त्याचा आवडता विषय. इतके राबून शेवटी हाती काय लागते, हा प्रश्न तो पुन्हापुन्हा विचारतो. दोन्ही मुठी भरून धाप लागण्यापेक्षा एक मूठ आणि निवांतपणा बरा, या आशयाचे त्याचे एक निरीक्षण आहे. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांच्या, रात्री दोनला कॅब सोडणाऱ्या कंपन्यांच्या आणि वीस वर्षांच्या गृहकर्जांच्या या पट्ट्यात याहून ताजे वचन कोणते? तरी प्रार्थनासभांत मी ऐकलेली प्रवचने बहुधा भरभराटीची असतात. नीतिसूत्रांतले एक वचन, बिल्ददाचे एक वचन, आणि वर बढतीची हमी.

या तिन्ही पुस्तकांना एकत्र ठेवणाऱ्या जुन्या संपादकांनी आपल्याला एक पद्धत देऊन ठेवली आहे. नीतिसूत्रे म्हणतात, बहुतेक वेळा असे होते. ईयोब म्हणतो, माझ्या बाबतीत झाले नाही, आणि मी गप्प बसणार नाही. कोहेलेथ म्हणतो, झाले तरी ते टिकत नाही, म्हणून आजचा घास गोड मानून घे. तिघांपैकी कोणालाही ग्रंथातून काढलेले नाही. आपल्याकडे ज्या श्रद्धेने हरिपाठ म्हटला जातो त्याच श्रद्धेने तुकोबांचे भांडणही गायले जाते, तसेच हे. ज्ञानसाहित्यावरून बोलणाऱ्याने किमान दुसऱ्याचा आवाज ऐकू येईल इतकी जागा पहिल्याच्या निरूपणात ठेवावी.

आणि ज्याच्या घरात काही कोसळले आहे तिथे जाणाऱ्याने ईयोबाच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट आधी वाचावा. तिघे मित्र दुरून आले, त्यांना ईयोब ओळखूही आला नाही, ते रडले, आणि सात दिवस त्याच्याबरोबर जमिनीवर बसले. एकही शब्द बोलले नाहीत, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसत होते. त्यांचे निरूपण तिथपर्यंत निर्दोष होते.